मेकॅनिकलची पदवी घेताना एरोस्पेसकडे कसे वळावे

बारावीनंतर विमाने, रॉकेट किंवा उपग्रह यांवर काम करायचे असे मनाशी पक्के केलेल्या महाराष्ट्रातील विद्यार्थ्यापुढे साधारण दोन वाटा असतात. पहिली म्हणजे थेट एरोस्पेस अभियांत्रिकीला प्रवेश घेणे आणि दुसरी म्हणजे मेकॅनिकलला प्रवेश घेऊन तिथूनच त्या दिशेने तयारी वाढवत नेणे. आयआयटी मुंबईत किंवा तिरुवनंतपुरमच्या भारतीय अंतराळ विज्ञान आणि तंत्रज्ञान संस्थेत एरोस्पेसची जागा मिळत असेल तर ती जरूर घ्यावी; पण दोन्हीकडचा प्रवेश जेईई ॲडव्हान्स्डच्या गुणांवर होतो आणि जागा मोजक्याच असतात. ज्यांना ती जागा मिळणार नाही, त्यांनी केवळ पदवीवर ‘एरोस्पेस’ हा शब्द असावा म्हणून प्रयोगशाळा आणि अनुभवी शिक्षक नसलेल्या महाविद्यालयात जाण्यापेक्षा चांगल्या महाविद्यालयातील मेकॅनिकल निवडावे, असे माझे स्पष्ट मत आहे. मेकॅनिकलच्या पायावर चार ठरावीक विषयांची भर घातली आणि एखादी वस्तू स्वतः बनवून, मोजून पाहिली, तर एरोस्पेसची दारे बंद राहत नाहीत. ही भर कोणत्या क्रमाने घालायची, ते पुढे सांगितले आहे.

प्रवेशापूर्वी: एक गैरसमज दूर करा

विमानांच्या देखभालीचा परवाना आणि एरोस्पेस अभियांत्रिकीची पदवी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पालकांची सर्वाधिक फसगत इथेच होते. ‘एएमई’ या नावाने ओळखला जाणारा अभ्यासक्रम नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या म्हणजे डीजीसीएच्या परवान्यासाठी असतो. तो परवाना मिळवलेली व्यक्ती विमानाची तपासणी व दुरुस्ती करून ते उड्डाणास योग्य असल्याची सही करते. ते जबाबदारीचे आणि मानाचे काम आहे, परंतु त्यातून विमानाची रचना करण्याचे शिक्षण मिळत नाही. माहितीपत्रकात दोन्हींची सरमिसळ केलेली आढळली, तर शेवटी हातात विद्यापीठाची बी.टेक. पदवी पडणार आहे की परवान्याच्या परीक्षेची पात्रता, हे लेखी विचारून घ्यावे.

मेकॅनिकलसाठी पुण्याचे सीओईपी, मुंबईचे व्हीजेटीआय यांसारख्या संस्थांत सीईटीच्या गुणांवर केंद्रीय प्रवेशाच्या कॅप फेऱ्यांतून प्रवेश होतो, तर नागपूरच्या व्हीएनआयटीचा प्रवेश जेईई मेनवर होतो. सीईटीत एकट्या गणिताला १०० गुण असतात आणि भौतिकशास्त्र व रसायनशास्त्र मिळून १००. गणिताला दिलेले हे वजन पुढच्या चार वर्षांचीही बरीचशी कल्पना देते. महाविद्यालय निवडताना मागील वर्षीच्या कटऑफबरोबरच आणखी तीन गोष्टी पाहाव्यात: तिथे विद्यार्थ्यांचा एखादा एअरो, रॉकेट किंवा उपग्रह क्लब चालू स्थितीत आहे का, फ्लुइड मेकॅनिक्सच्या (द्रव व वायूंच्या प्रवाहाच्या) प्रयोगशाळेत विंड टनेल (मॉडेलवर ठरावीक वेगाने हवा सोडून मोजमाप करण्याचा बोगदा) आहे का, आणि ते टनेल पदवीच्या विद्यार्थ्यांना वापरू दिले जाते का. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर प्राध्यापकांपेक्षा तिसऱ्या वर्षाच्या मुलांकडून अधिक खरे मिळते.

पहिली दोन वर्षे: पाया

या काळात एरोस्पेस म्हणून वेगळे काही करण्याची घाई नको. थर्मोडायनॅमिक्स, फ्लुइड मेकॅनिक्स, स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स, डायनॅमिक्स आणि गणिताचे तीन-चार पेपर हाच खरा पाया आहे. जेट इंजिनाचा हिशेब थर्मोडायनॅमिक्सवर उभा असतो, पंखावरील हवेचा फ्लुइड मेकॅनिक्सवर, पंखाच्या मजबुतीचा स्ट्रेंथवर आणि विमानाच्या स्थैर्याचा डायनॅमिक्सवर. म्हणून या विषयांत केवळ ‘केटी लागली नाही’ यावर समाधान मानू नये. डिफरन्शियल इक्वेशन, व्हेक्टर कॅल्क्युलस आणि मॅट्रिक्सच्या आयगेनव्हॅल्यू यांत कच्चेपणा राहिला, तर तिसऱ्या वर्षात कंपने, नियंत्रण आणि हवेचा प्रवाह हे तिन्ही विषय एकदम अवघड वाटू लागतात.

फ्लुइड मेकॅनिक्समध्ये ‘बाउंडरी लेयर’ (पृष्ठभागालगत मंदावलेला हवेचा पातळ थर) हे प्रकरण असते आणि परीक्षेच्या दृष्टीने कमी गुणांचे म्हणून अनेक जण ते ऑप्शनला टाकतात. एरोस्पेसकडे जाणाऱ्याने ते मुळीच सोडू नये. लुडविग प्रांट्ल यांनी १९०४ मध्ये मांडलेल्या या कल्पनेमुळेच विमानाच्या पृष्ठभागावरील ड्रॅगचा, म्हणजे हवेच्या विरोधाचा, हिशेब शक्य झाला. गॉटिंगेनला याच प्रांट्ल यांच्या हाताखाली शिकलेले डॉ. विष्णू माधव घाटगे पुढे बंगळुरूच्या हिंदुस्थान एअरक्राफ्टमध्ये आले आणि त्यांनी रचना केलेल्या एचटी-२ या प्रशिक्षण विमानाने १९५१ मध्ये उड्डाण केले. मराठी विद्यार्थ्यांना हे नाव आज फारसे माहीत नसते, याचे वाईट वाटते.

तिसरे वर्ष: चार उणिवा भरून काढा

मेकॅनिकलच्या अभ्यासक्रमात एरोस्पेसच्या दृष्टीने चार गोष्टी अपुऱ्या शिकवल्या जातात किंवा अजिबात शिकवल्या जात नाहीत. जमतील त्या ऐच्छिक विषयातून किंवा ऑनर्सच्या जादा क्रेडिटमधून घ्याव्यात आणि उरलेल्या एनपीटीईएल या ऑनलाइन व्याख्यानांच्या संकेतस्थळावरून पूर्ण कराव्यात. आयआयटीच्या एरोस्पेस विभागांतील प्राध्यापकांची संपूर्ण व्याख्याने तिथे विनामूल्य आहेत.

पहिली उणीव संकोचनशील प्रवाहाची, म्हणजे गॅस डायनॅमिक्सची. पदवीचे बहुतेक फ्लुइड मेकॅनिक्स पाण्याच्या पाइपांभोवती फिरते आणि त्यात घनता स्थिर धरलेली असते. हवेचा वेग ध्वनीच्या वेगाच्या सुमारे ०.३ पट होईपर्यंत हे गृहीतक चालते, कारण तोवर घनतेतला फरक पाच टक्क्यांच्या आत राहतो. त्यापुढे ते सोडावे लागते, आणि ध्वनीचा वेग ओलांडल्यावर तर सवयीचे नियमच उलटतात. नळी अरुंद झाली की प्रवाहाचा वेग वाढतो हे आपण शाळेपासून ऐकतो, परंतु ध्वनीपेक्षा वेगवान प्रवाह नळी रुंद होताना आणखी वेग घेतो. रॉकेटच्या नॉझलचा आकार आधी निमुळता आणि मग घंटेसारखा पसरत जाणारा का असतो, याचे उत्तर यात आहे. हे स्वतः समीकरणातून काढता येणे ही या विषयाची पहिली पायरी समजावी.

दुसरी उणीव पातळ भिंतींच्या संरचनांची, आणि माझ्या मते सर्वांत मोठी हीच. मशीन डिझाइनच्या उदाहरणांत सुरक्षा गुणांक (अपेक्षित भाराच्या किती पट भार पेलायचा तो आकडा) सहज तीन किंवा चार धरला जातो, कारण थोडे लोखंड जास्त लागले तरी बिघडत नाही. विमानाच्या संरचनेसाठी हा गुणांक सर्वसाधारणपणे १.५ असतो. मोठ्या प्रवासी विमानाच्या सेवाकाळात अपेक्षित असलेला कमाल भार वजनाच्या किमान २.५ पट धरतात, त्याला १.५ ने गुणून येणारा ३.७५ पट भार संरचनेने किमान तीन सेकंद न मोडता पेलला पाहिजे, असा प्रमाणीकरणाचा नियम आहे. गुणांक इतका कमी ठेवणे परवडते, कारण भारांचा हिशेब बारकाईने झालेला असतो, धातूच्या प्रत्येक खेपेचे प्रमाणपत्र असते आणि अख्ख्या विमानावर भार टाकून चाचणी घेतलेली असते. एरोस्पेस अभियंत्याची शिस्त म्हणजे काय, ते या एका आकड्यातून समजते: अनिश्चितता जास्तीच्या धातूखाली झाकायची नाही, ती मोजून कमी करायची.

या विषयाची गोडी लागावी म्हणून एक प्रयोग सांगतो. जाड कागदाची गुंडाळी करून दोन सारख्या नळ्या बनवा. एकीची कड पूर्ण लांबीभर चिकटवा आणि दुसरीची फट तशीच उघडी ठेवा. आता दोन्ही टोके धरून पिळून पाहा. चिकटवलेली नळी कडक राहते, उघडी जराशा जोरात वळते. सूत्राने पाहिले तर बंद आणि उघड्या नळीच्या पीळविरोधी ताठरतेचे गुणोत्तर त्रिज्या आणि जाडी यांच्या गुणोत्तराच्या वर्गाच्या तिप्पट येते. २५ मिलिमीटर त्रिज्या आणि १ मिलिमीटर जाडी असेल, तर हे उत्तर १८७५ पट आहे. पंखाच्या आत पुढचा स्पार (पंखाच्या लांबीभर जाणारी तुळई), मागचा स्पार आणि वरखालचा पत्रा मिळून बंद पेटी का तयार करतात, आणि त्या पेटीला तपासणीसाठी खिडकी पाडायची म्हटले की रचनाकार इतका विचार का करतात, हे या नळ्या हातात घेतल्यावर कळते. यापुढे शिअर फ्लो (पातळ भिंतींतून वाहणारे कातर बल) आणि पातळ पत्र्याचे बकलिंग (दाबाखाली अचानक वाकणे) क्रमाने शिकावे.

तिसरी भर फ्लाइट मेकॅनिक्सची. विमान स्थिर राहण्यासाठी गुरुत्वमध्य न्यूट्रल पॉइंटच्या (विमानाचे नाक वर-खाली झाले की वाढणारी-घटणारी उचल जिथे लागू होते त्या बिंदूच्या) पुढे असावा लागतो आणि हे अंतर, म्हणजे मार्जिन, पंखाच्या सरासरी कॉर्डच्या (पुढच्या कडेपासून मागच्या कडेपर्यंतच्या रुंदीच्या) टक्केवारीत मोजतात. २५ सेंटिमीटर कॉर्डच्या मॉडेल विमानात १० टक्के मार्जिन म्हणजे फक्त अडीच सेंटिमीटर. बॅटरी जरा मागे सरकली की तेवढे सहज संपते. ज्यांना उपग्रहांकडे जायचे आहे त्यांनी याच्या जोडीला कक्षांचे गणितही करावे.

चौथी भर कॉम्पोझिटची, म्हणजे राळेत तंतू बसवून बनवलेल्या पदार्थांची. कार्बन फायबरचे थर कोणत्या कोनात आणि कोणत्या क्रमाने ठेवायचे, यावर वस्तूचे गुणधर्म ठरतात. थरांची मांडणी मध्यापासून दोन्ही बाजूंना सममित नसेल, तर ओव्हनमधून काढून थंड होताना सपाट पत्रासुद्धा वाकतो. एकदा हाताने लॅमिनेट (असा थरांचा पत्रा) बनवून पाहिले की लॅमिनेट थिअरीतले मॅट्रिक्स रुक्ष वाटत नाहीत.

सॉफ्टवेअर किती आणि केव्हा

एक कॅड पॅकेज, एक फायनाइट एलिमेंट (भागावरचे ताण संगणकावर काढणारे) पॅकेज आणि पायथन किंवा मॅटलॅब एवढे चांगले आले की पदवीपुरते काम भागते. एरोडायनॅमिक्ससाठी एक्सएफएलआर५, ओपनफोम आणि एसयू२ विनामूल्य मिळतात. सीएफडीची (संगणकावर काढलेल्या हवेच्या प्रवाहाची) रंगीत चित्रे अहवालात चिकटवण्यापूर्वी नाका ००१२ या एअरफॉइलसारख्या (पंखाच्या छेदासारख्या), ज्याची प्रायोगिक मोजमापे प्रसिद्ध आहेत अशा आकारावर आपले उत्तर ताडून पाहावे, आणि मेश (हिशेबासाठी पाडलेली जाळी) बारीक करत नेल्यावर उत्तर बदलायचे थांबते का, तेही दाखवावे. व्हायवाला बसलेला जाणकार परीक्षक हेच दोन प्रश्न विचारतो.

एक वस्तू बनवा आणि मोजा

तिसऱ्या वर्षाच्या आत एखाद्या संघात शिरावे. एसएई या अभियंत्यांच्या संघटनेच्या एअरो डिझाइन स्पर्धांसाठी देशभरातील महाविद्यालयांचे संघ ठरावीक भार उचलणारी मॉडेल विमाने बनवतात. सीओईपीच्या विद्यार्थ्यांनी ‘स्वयम्’ हा सुमारे एक किलो वजनाचा उपग्रह बनवला आणि २२ जून २०१६ रोजी पीएसएलव्ही-सी३४ ने तो कक्षेत सोडला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये आयआयटी मुंबईच्या विद्यार्थ्यांचा ‘प्रथम’ही गेला. अशा उपग्रहाची चौकट प्रक्षेपणाच्या कंपनात टिकेल का, आणि ऊन-सावलीच्या फेऱ्यांत आतले तापमान किती राहील, हे दोन्ही प्रश्न मेकॅनिकलच्या विद्यार्थ्याच्या हातातले आहेत.

संघ नसेल तर चार मित्रांनी मिळून मॉडेल विमानापासून सुरुवात करावी. समजा विमानाचे वजन २ किलो, पंखाचे क्षेत्रफळ ०.४ चौरस मीटर आणि उड्डाणाचा वेग सेकंदाला १२ मीटर आहे. समुद्रसपाटीची १.२२५ (किलो प्रति घनमीटर) ही घनता धरून लिफ्टच्या, म्हणजे विमान उचलणाऱ्या बलाच्या, सूत्रात आकडे घातले, तर लिफ्ट कोइफिशंट (पंखाचा आकार आणि कोन किती उचल देतात तो आकडा) साधारण ०.५६ येतो आणि सारे आलबेल वाटते. खरी अडचण पुढे आहे. २५ सेंटिमीटर कॉर्डला या वेगात रेनॉल्ड्स नंबर (वेग, आकार आणि हवेचा चिकटपणा यांवरून निघणारा आकडा) सुमारे दोन लाख असतो, तर पाठ्यपुस्तकांतले एअरफॉइलचे जुने आलेख बहुधा तीस लाख आणि त्यापुढचे असतात. कमी रेनॉल्ड्स नंबरला प्रवाह पृष्ठभागापासून लवकर सुटतो, त्यामुळे कमाल कोइफिशंट आलेखातल्यापेक्षा कमी मिळतो.

त्यात पुण्याचा मे महिना धरा. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच आहे. दुपारी तापमान ४० अंश झाले की हवेची घनता १.०५ च्या आसपास उतरते. कमाल कोइफिशंट १.२ ऐवजी १.० आणि घनता १.२२५ ऐवजी १.०५ घेतली, तर स्टॉलचा वेग (ज्याखाली पंख विमान उचलू शकत नाही तो वेग) सेकंदाला ८.२ मीटरवरून ९.७ मीटरवर जातो. धावपट्टीवरची धाव वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे ती सुमारे ४० टक्क्यांनी लांबते, आणि विरळ हवेत प्रोपेलरचा जोर घटतो तो वेगळाच. कागदावर सहज उडणारे विमान मैदान संपेपर्यंत जमीन का सोडत नाही, याचे कारण बहुतेक वेळा इथे सापडते.

म्हणून उडवण्याआधी मोटर आणि प्रोपेलर लोड सेलवर (बल मोजणाऱ्या उपकरणावर) बसवून प्रत्यक्ष थ्रस्ट, म्हणजे पुढे ढकलणारा जोर, मोजावा, प्रत्येक भाग वजनकाट्यावर ठेवून त्याची नोंद वहीत करावी आणि अंदाज व मोजमाप शेजारी-शेजारी लिहावेत. ही वही पुढे मुलाखतीत कोणत्याही प्रमाणपत्रापेक्षा जास्त उपयोगी पडते. उडवण्याच्या जागेबाबत मात्र हयगय करू नये: ड्रोन नियम २०२१ लागू झाल्यापासून हवाई क्षेत्राचे हिरवे, पिवळे आणि लाल विभाग डिजिटल स्काय या सरकारी नकाशावर दिसतात, आणि पुण्यासारख्या शहरात लोहगाव विमानतळाचा परिसर आधी पाहावाच लागतो.

गेट आणि पदव्युत्तर शिक्षण

संशोधन किंवा रचनेच्या कामात जायचे असेल तर एम.टेक. करणे श्रेयस्कर. एम.टेक.च्या प्रवेशासाठी असलेल्या गेट परीक्षेला एरोस्पेसचा स्वतंत्र पेपर आहे, पण बंगळुरूची आयआयएससी आणि अनेक आयआयटी एरोस्पेसच्या एम.टेक.साठी मेकॅनिकलच्या पेपरचा स्कोअरही ग्राह्य धरतात. मेकॅनिकलच्या विद्यार्थ्याने आधी मेकॅनिकलचाच पेपर पक्का करावा, कारण सरकारी कंपन्यांच्या भरतीतही तोच अधिक उपयोगी पडतो. वर सांगितलेल्या चार विषयांचा अभ्यास खरोखर झाला असेल तरच दोन्ही पेपर देण्याचा विचार करावा. त्यापूर्वी त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत पेपरांची जोडी मान्य आहे का ते तपासावे. परीक्षा तिसऱ्या वर्षातही देता येते आणि स्कोअर तीन वर्षे चालतो, त्यामुळे एकदा सराव म्हणून बसण्यात नुकसान नाही. पुण्यात राहूनच पुढे शिकायचे असेल तर गिरीनगरच्या डीआयएटी या संरक्षण संशोधनाशी जोडलेल्या संस्थेत एरोस्पेसचे एम.टेक. करता येते.

काम कुठे मिळते

एरोस्पेस म्हणजे फक्त बंगळुरू, ही समजूत बरोबर नाही. नाशिकजवळ ओझरला हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा कारखाना १९६० च्या दशकात मिग विमानांसाठी उभा राहिला. पुढे तिथे सुखोई-३० बनली आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये तिथेच तयार झालेल्या तेजस मार्क-१ए ने पहिले उड्डाण केले. इस्रोच्या रॉकेटमधले विकास इंजिन गोदरेजने मुंबईत विक्रोळीला बनवले आहे, आणि पीएसएलव्हीच्या पहिल्या टप्प्याची मोटर केसिंग पुणे जिल्ह्यातील वालचंदनगरला तयार होते. पिनाक रॉकेटची रचना पाषाणच्या एआरडीई या डीआरडीओच्या प्रयोगशाळेने केली. या सर्व ठिकाणी अभियंत्यांचा मोठा भाग मेकॅनिकलचाच असतो. इस्रोच्या शास्त्रज्ञ-अभियंता ‘एससी’ पदांच्या जाहिरातीतही मेकॅनिकलच्या जागा स्वतंत्रपणे निघतात.

कारखान्यांना पुरवठा करणाऱ्या पुणे-नाशिकच्या मध्यम कंपन्यांकडेही नवोदितांनी लक्ष द्यावे. तिथे ड्रॉइंगवरील जीडी अँड टी (मापे आणि आकार यांत किती फरक चालेल हे सांगणारी चिन्हे) अचूक वाचता येणे आणि एएस९१०० या गुणवत्ता मानकाची तोंडओळख असणे याला फार किंमत आहे. सहाव्या सत्रानंतरच्या सुट्टीत अशा एका कंपनीत टायटॅनियमचा भाग यंत्रावर कसा कापतात, किती भाग नाकारले जातात आणि का, हे पाहिले तर रचना करताना हात आपोआप आवरता राहतो.

परदेशी जाण्याचा विचार असेल तर एक गोष्ट आधीच समजून घ्यावी. अमेरिकेत एरोस्पेसमध्ये एम.एस. करता येते, परंतु तिथल्या संरक्षण आणि अवकाश कंपन्यांतील बहुसंख्य जागा निर्यात नियंत्रणाच्या कायद्यांमुळे तिथले नागरिक आणि कायमचे रहिवासी यांच्यासाठीच खुल्या असतात. कर्ज काढून जाणाऱ्याने हा हिशेब प्रवेशपत्र हातात येण्यापूर्वीच करावा आणि टर्बोमशिनरी, कंपने किंवा नियंत्रण यांसारखी, इतर उद्योगांतही चालणारी शाखा निवडावी. युरोपात नेदरलँड्सचे डेल्फ्ट, जर्मनीतील म्युनिक आणि स्टुटगार्ट, फ्रान्समधील तुलूज ही या विषयाची जुनी केंद्रे आहेत. जर्मनीसाठी भारतीय विद्यार्थ्यांना २०२२ च्या नोव्हेंबरपासून एपीएस (शैक्षणिक कागदपत्रे तपासल्याचे) प्रमाणपत्र सक्तीचे झाले आहे. ते मिळायला वेळ लागतो आणि त्यासाठी तोवर झालेल्या सर्व सत्रांच्या गुणपत्रिका लागतात. विद्यापीठाकडून मूळ गुणपत्रिका हाती यायला होणारा उशीर लक्षात घेता, सहाव्या सत्रापर्यंतच्या गुणपत्रिका चौथे वर्ष सुरू होतानाच गोळा करून ठेवाव्यात आणि सातव्या सत्राचा निकाल लागताच परीक्षा विभागात अर्ज द्यावा.